मी आणि शेळी, जैसे थे

माझ्या लग्नाला तालुक्याच्या कोर्टाची मनाई होती. निदान आमच्या घरात सगळे तसं समजून चालले होते, आणि हा समज त्यांच्या डोक्यात भरवणारी दुसरी-तिसरी कोणी नसून मीच होते.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. जालना जिल्हा तेव्हा व्हायचा होता. आमचं हसनाबाद औरंगाबाद जिल्ह्यात मोडायचं आणि कोर्टाचं काम निघालं की एसटीनं भोकरदनला जावं लागायचं. आमचं काम निघालं ते शेळीमुळे. घरं दोन, समोरासमोर. एक आमचं, एक तात्याचं, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्याचं. मधे दोघांचं मिळून एक आंगण, आंगणात एक कडुलिंब. एके दिवशी तात्यानं नवा शिवलेला सदरा दोरीवर वाळत घातला आणि आमच्या शेळीनं त्याची कॉलर खाल्ली. फक्त कॉलर! बाकीचा सदरा तिनं हुंगूनसुद्धा पाहिला नाही. तात्याला तेच जास्त लागलं.

“आता मधी भिंतच घालतो!” तात्या गरजला.

“घाल की! कोणाला भ्या दाखवून राह्यलास?” माझे वडील म्हणाले. (वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादांना राग आला की ते नको त्या गोष्टीला परवानगी देऊन बसायचे.)

दुसऱ्या दिवशी तात्यानं खरोखरच दगड आणले. भिंत गुडघ्याइतकी वर आली तेव्हा दादांना भान आलं, की बापानं दोघांना मिळून दिलेल्या आंगणाचे दोन तुकडे होत आहेत. मग जे व्हायचं ते झालं. आधी आरडाओरडा, मग अबोला, मग भोकरदनच्या कोर्टात दावा.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण दादांसमोर ही म्हण काढायची सोय नव्हती. त्यांच्या तरुणपणी आमच्या वस्तीनं धम्म स्वीकारला होता. घरात भिंतीवर दोन फोटो होते, एक बुद्धांचा आणि दुसरा ज्यांनी देशाचा कायदा लिहिला त्यांचा. त्या दुसऱ्या फोटोकडे हात करून दादा म्हणायचे, “माझा बाप चावडीच्या आत कदी गेला न्हाई. बाहीर उन्हात उभा ऱ्हायचा. आन आता कोर्ट मला नावानं पुकारून राह्यलंय. हा कायदा आपल्या माणसानं लिव्हलाय. घरचा हाय तो!” हे बोलताना त्यांचा आवाज भरून यायचा, आणि खरं सांगते, ऐकताना माझेही डोळे भरायचे.

आता घरचा कायदा म्हटल्यावर तो कळायला नको का? दोन्ही घरांत मिळून मॅट्रिक झालेली मी एकटी. त्यातही मराठीत शाळेत पहिली. त्यामुळे कोर्टातून येणाऱ्या प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगायचं काम माझ्याकडे आलं, आणि मीही ते मान ताठ करून करू लागले. पहिल्याच कागदावर दादांच्या नावापुढे ‘वादी’ लिहिलेलं होतं.

“वादी म्हंजे?” मायनं विचारलं.

“जो वाद काढतो तो.”

“हे कोर्टानं बराबर लिव्हलं,” माय म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

गंमत अशी, की तात्याच्या घरीही वाचणारं कोणी नव्हतं. अबोला दोघा भावांचा होता, माझा नव्हता. त्यामुळे भिंतीपलीकडून काकी मलाच हाक मारायची. “ए इमल, कैफियत म्हंजे काय गं? वकील म्हन्ला, कैफियत द्या.”

“म्हणजे आपली बाजू, काकी. तुमचं जे काही म्हणणं असेल ते.”

“सगळं?”

“सगळं.”

झालं! काकी दुसऱ्याच दिवशी तात्याबरोबर भोकरदनला गेली आणि तात्याच्या वकिलाला तिनं आपल्या लग्नापासून सुरुवात करून सगळं सांगितलं. सासरी आल्यावर तिला पहिली भाकर कोणी शिळी वाढली, कोणाच्या पोराच्या वेळी कोणी किती दिवस पाणी भरलं, काही म्हणता काही सोडलं नाही. वकिलांनी यातलं काहीच लिहून घेतलं नाही, म्हणून काकीचा कोर्टावरचा विश्वास उडाला. माझ्यावरचा मात्र टिकून राहिला, आणि तेच पुढे आम्हाला नडलं.

फाल्गुनात कोर्टानं पहिला हुकूम दिला. दादा नक्कल घेऊन संध्याकाळी घरी आले. त्यांच्या वकिलांनी एसटी गाठायच्या घाईत एवढंच सांगितलं होतं, “जैसे थे मिळालंय. आता कोणी काही करायचं नाही.” हुकूम दोघांना लागू होता, म्हणून तो दोघांच्या कानावर एकाच वेळी पडावा असं दादांचं म्हणणं पडलं. म्हणून मी त्या गुडघाभर भिंतीवर उभी राहिले. अलीकडे दादा आणि माय, पलीकडे तात्या आणि काकी. मी खणखणीत आवाजात वाचलं, “वादमिळकतीची परिस्थिती पुढील हुकूम होईपर्यंत जैसे थे ठेवावी.”

मग दादांनी घसा साफ केला. “अर्थ सांग.”

इथं मी ‘भिंत वाढवू नका, पाडू नका’ एवढं म्हणून खाली उतरले असते, तर ही गोष्ट लिहायची वेळच आली नसती. पण माणसाला हात दाखवून अवलक्षण करून घ्यायची हौस असते. मी एकेक शब्द सोडवला. “वादमिळकत म्हणजे हे आंगण. परिस्थिती म्हणजे आंगणात या घडीला जे जे काही आहे ते सगळं. आणि जैसे थे म्हणजे जसं आहे तसंच. हलवायचं नाही, वाढवायचं नाही, कमी करायचं नाही.”

“मोडलं तर?” तात्यानं मला विचारलं.

“कोर्टाची बेअदबी.” हा शब्द मी वकिलांच्या तोंडून उचलला होता. “जेल होते.”

सगळ्यांनी एकदम आंगणाकडे बघितलं. आमची बाज लिंबाखाली होती. काकीचं एक लुगडं दोरीवर होतं. आणि शेळी, जी खरं तर आमची, ती भिंत ओलांडून तात्याच्या बाजूला जाऊन निवांत रवंथ करत होती.

“शेळी आणा इकडं,” माय म्हणाली.

“खबरदार!” दादा ओरडले. “हलवायची न्हाई. जैसे थे!”

त्या दिवसापासून आमची शेळी तात्याच्या दारात राहू लागली. चारा आमचा, दार त्यांचं. माय भिंतीवरून पाला टाकायची आणि शेळी तो खाऊन काकीच्या उंबऱ्यात लेंड्या टाकायची. काकीनं लेंड्या झाडायला खराटा उचलला, की दादा अलीकडून खाकरायचे, कारण लेंड्यासुद्धा आंगणात होत्या. काकीचं लुगडं दोरीवरच राहिलं आणि उन्हानं त्याचा रंग उडाला. बाज लिंबाखालीच राहिली. पुढे लिंबाची पानगळ सुरू झाली. पिवळ्या पानांचा थर घोट्याइतका झाला, पण मायला झाडायची बंदी होती!

“कोर्ट मला खराटा मारू नको म्हन्तं?” माय दादांना म्हणाली. “कोर्टाला माय न्हाई का?”

“पानं कमी केली तर परिस्थिती कमी हुईल. इमलनंच सांगितलंय.”

मायनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी अजून विसरलेले नाही. मी तिला हळूच सांगायचा प्रयत्न केला, की पानांचं एवढं मनावर घेऊ नको. पण दादांनी ऐकलं आणि ते गंभीर झाले. “का? कायदा आपला हाय म्हणून त्यातली पळवाट बी आपुनच काढायची? दुसऱ्यांनी मोडला तर आपुन बोंबलतो. आपुन तरी बराबर पाळू.”

तात्याही काही कमी नव्हता. आपण चुकलो तर भाऊ कोर्टात सांगेल, या भीतीनं तोही काटेकोर पाळायचा आणि वर आमच्यावर लक्ष ठेवायचा. अशात चैत्रात एका सकाळी शेळी व्याली. दोन करडं झाली, दोन्ही काळीभोर. काकीनं कौतुकानं हाक मारली. तात्या बाहेर आला, त्यानं करडं पाहिली आणि भिंतीजवळ येऊन मला (दादा शेजारीच उभे असताना, मला) म्हणाला, “इमल, तुह्या बापाला सांग. हुकूम मोडला. एकाचे तीन केले!”

“तात्याला सांग,” दादा मला म्हणाले, “हुकूम झाला तवा शेळी गाभणी व्हती. करडं आंगणातच व्हती. फकस्त आत व्हती.”

तात्यानं यावर बराच विचार केला. “म्हंजे आतली बाहीर आली. मंग हलली का न्हाई?”

दोघंही माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, की निसर्गाला कोर्टाचा हुकूम लागू होत नसावा. हे उत्तर दोघांनाही पटलं नाही, पण करडांना पटलं असावं. कारण ती दिवसातून कितीदा तरी भिंतीवरून उड्या मारून बेअदबी करायची.

इथपर्यंत हसण्यावारी होतं. पण माझं लग्न ठरलेलं होतं. मुलगा परतूरच्या शाळेत मास्तर, त्यामुळे लग्न उन्हाळ्याच्या सुट्टीत, मे महिन्यात. दादांनी मांडवाचा विषय काढला आणि स्वतःच गप्प झाले. मांडव म्हणजे मेढी रोवायच्या. मेढी म्हणजे खड्डे. खड्डे म्हणजे बेअदबी.

“शाळेच्या पटांगणात करू,” मी सुचवलं. दादांना ते पटलं. पण वस्तीत ही बातमी आणि लग्नाचं बोलावणं फिरलं तशी संध्याकाळी तात्या भिंतीपाशी येऊन उभा राहिला. डोळे माझ्याकडे, पण आवाज सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असा.

“इमल, हुकूम वाचला तवा तू कुठं व्हतीस?”

“इथंच. भिंतीवर.”

“भिंत आंगणातच हाय ना? मंग तू बी परिस्थिती.”

मला हसू आलं. “तात्या, मी रोज पाण्याला जाते, दुकानात जाते. आंगणाबाहेर तर रोजच जाते की.”

“जाती आन परत येती,” तात्या म्हणाला. “जाऊन आली तर जैसे थे. जाऊन आली न्हाई, तर बेअदबी. लगीन झाल्यावर तू परत येणार हाइस का?”

मी दादांकडे बघितलं. मला वाटलं, ते आता खवळतील. पण दादा खाली बसले होते आणि त्यांचा चेहरा पार उतरला होता. तात्याचं म्हणणं त्यांना बिनतोड वाटलं होतं. “बराबर बोलला तो,” ते मला हळूच म्हणाले. “तूच म्हन्ली व्हतीस, कमी करायचं न्हाई.”

त्या रात्री मी पोटभर रडले. लग्न पुढे जाईल याचं दुःख होतंच, पण खरं दुःख तात्याचं होतं. लहानपणी त्यानं मला खांद्यावर बसवून शाळेत नेलं होतं. माझ्या पाटीवर पहिलं अक्षर उमटलं तेव्हा सगळ्या गावाला दाखवत फिरला होता. आणि तोच आता मला शेळीबरोबर मोजत होता! दादांनी त्याला लग्नाचं बोलावणं द्यावं म्हणून मी विनवलं, तर दादा म्हणाले, “हुकमाच्या दिशी आमचा अबोला व्हता. तो बी परिस्थितीतच आला ना?” स्वतःच्या भावाशी बोलायला माझे वडील कोर्टाची वाट बघत होते. याला हसावं की रडावं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही.

बरं, हे सगळं घरात राहिलं असतं तरी चाललं असतं. दादांनी परतूरकडे जाणाऱ्या एका माणसाबरोबर निरोप धाडला, की लग्नाचं नक्की सांगता येत नाही, पोरीवर कोर्टाचा स्टे आहे. तिसऱ्या दिवशी नवरदेव स्वतः हजर! घामाघूम, सोबत कोणी नाही. आमच्यात लग्नाआधी मुलीशी बोलायची रीत नव्हती, म्हणून मी दाराआड उभी राहिले आणि ते बाजेवर बसून दादांशी बोलले. (बाज लिंबाखाली, पानांच्या ढिगात. शर्टावर पानं पडत होती, आणि दादांनी त्यांना ती झटकूही दिली नाहीत!)

“मुलीनं केलंय तरी काय?” त्यांनी फार अदबीनं विचारलं. “म्हणजे, आमच्याकडे लोक विचारून राह्यलेत.”

“तिनं काय बी केलं न्हाई. ती परिस्थिती हाय.”

दादांनी मग सगळं समजावून सांगितलं. नवरदेवांनी शेळी बघितली, भिंत बघितली आणि रंग उडालेलं लुगडंही बघितलं. “तुम्ही मास्तर,” दादा म्हणाले, “तुम्हाला काय वाटतं?”

“मी भूगोल शिकवतो,” ते म्हणाले.

जाताना मात्र त्यांनी दादांना एक कामाची गोष्ट सांगितली. मे महिन्यात कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागते. आमची पुढची पेशी, म्हणजे सुनावणी, सुट्टीनंतरची होती आणि लग्नाची तारीख त्याआधीची. आता विचारायचं तर जल्दी करायला हवी होती, नाहीतर लग्न थेट पुढच्या वर्षी. आणि परतूरची मंडळी पुढच्या वर्षापर्यंत थांबतील, याची हमी भूगोलाचे मास्तरही देऊ शकत नव्हते.

दादा मला घेऊन भोकरदनला निघाले. अर्थ मी सांगितला होता, म्हणून मीही बरोबर हवी होते. एसटीत एकाच बाकावर जागा होती आणि त्यावर तात्या बसलेला! त्यालाही खबर लागली होती. आम्ही तिघं त्या बाकावर हसनाबादपासून भोकरदनपर्यंत मांडीला मांडी लावून गेलो आणि कोणी कोणाशी बोललं नाही. वाटेत गाडीला हिसका बसला तेव्हा दादा तात्याच्या अंगावर कलले, तर तात्यानं त्यांना दंडाला धरून सरळ बसवलं. मग दोघंही खिडकीबाहेर बघू लागले.

वकिलांनी आमचं ऐकून कपाळाला हात लावला. “अहो, ते बांधकामापुरतं असतं हो! लग्न करा, पानं झाडा, शेळी घरी न्या. कोर्ट कशाला आडवं येतंय?”

दादा हलेनात. “साहेब, राग मानू नका. तुम्ही वकील. हुकूम जज्जसाहेबांचा. त्याचा अर्थ त्यांच्याच तोंडून पायजे.”

“असला अर्ज मी जन्मात लिहिलेला नाही.”

“मंग आता लिव्हा.”

त्यांनी लिहिला. ‘वादीच्या मुलीच्या लग्नास परवानगी मिळणेबाबत.’ दुपारी पुकारा झाला. दादा एका बाजूला उभे राहिले, तात्या दुसऱ्या बाजूला, आणि मी मागच्या भिंतीला टेकून जमीन कुठं दुभंगते का ते बघत होते. जज्जसाहेब उतारवयाचे, कोरड्या चेहऱ्याचे. त्यांनी अर्ज वाचला. पुन्हा वाचला. चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला.

“मुलीच्या लग्नाला कोर्टाची परवानगी कशासाठी?”

दादांनी हात जोडून सगळं सांगितलं. भिंत, बाज, पानं, शेळी. करडांचा मुद्दासुद्धा सोडला नाही. बाहेरच्या व्हरांड्यातले पक्षकार दारात येऊन उभे राहिले. जज्जसाहेबांनी पाणी मागवलं आणि ते प्यायला फार वेळ लावला. पेला खाली ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा पहिल्यासारखाच कोरडा होता, फक्त डोळे जरा ओले दिसत होते.

“हा अर्थ तुम्हाला कोणी सांगितला?”

दादांनी मागे वळून माझ्याकडे बोट दाखवलं. त्यांची छाती अभिमानानं फुगली होती. “आमच्या इमलनं, साहेब. मॅट्रिक पास हाय. मराठीत पैली!”

सगळं कोर्ट माझ्याकडे वळलं. वकील, कारकून, पट्टेवाला, दारातले पक्षकार, सगळे! त्या क्षणी कोणी मला जन्मठेप दिली असती तर मी आनंदानं गेले असते.

जज्जसाहेब तात्याकडे वळले. “प्रतिवादी, या लग्नाला तुमची काही हरकत आहे?”

तात्यानं मान खाली घातली. मग डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. “लग्नाला हरकत न्हाई, साहेब.”

“मग?”

“मला बलावलं न्हाई, त्याला हरकत हाय.” त्याचा आवाज फाटला. “खांद्यावर वाढवलेली पोर हाय ती. सगळ्या गावाला बलावणं गेलं. माझ्या दारावरून माणूस पुढं गेला, साहेब. मला वाटलं, ती गेलीच न्हाई तर बरं.”

मला हुंदका आवरला नाही. दादा समोरच बघत राहिले. “साहेब,” ते जज्जसाहेबांना म्हणाले, “त्याला सांगा, मला बलवायचं व्हतं. पैला त्यालाच बलवायचं व्हतं. पण हुकूम आडवा आला. अबोला बी जैसे थे व्हता ना.”

“ते तुम्हीच त्यांना सांगा.”

“बोललं तर चालतं?”

“चालतं,” जज्जसाहेब म्हणाले. “हुकूम भिंतीला आहे. भिंत वाढवायची नाही आणि पाडायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. पानांना नाही, शेळीला नाही, मुलीला नाही. आणि भावाशी बोलायला तर कोणत्याच कोर्टाची परवानगी लागत नाही.”

“लिव्हून देता का, साहेब?”

“नाही,” जज्जसाहेब म्हणाले. “हे लिहून देण्यासारखं नाही. हे असंच करायचं असतं.”

दादा वळले. भर कोर्टात, सगळ्यांसमोर, त्यांनी भावाकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी त्यांनी त्याला नावानं हाक मारली. “सखा,” ते म्हणाले, “पोरीचं लगीन हाय. ये.”

“कधी हाय?” तात्यानं विचारलं. (समोरच्या घरात राहून! तारीख त्याला आमच्यापेक्षा पक्की पाठ होती.) आणि तो टोपीत तोंड लपवून रडायला लागला. दादा त्याच्याकडे गेले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

वकिलांनी मुख्य दाव्याचं काय करायचं ते विचारलं. दादांनी दावा काढून घेतला. भिंत पाडायची कोणाला घाई उरली नव्हती. घरी पोचल्यावर मायनं ही बातमी ऐकली, खराटा घेतला आणि अंधार पडेपर्यंत सगळं आंगण झाडत राहिली. लग्न त्याच आंगणात लागलं. मेढी तात्यानं रोवल्या, वंदनेच्या वेळी सगळ्यात मोठा आवाज त्याचाच होता, आणि परतूरची म्हातारी मंडळी त्या गुडघाभर भिंतीवर आरामात बसली. निरोपाच्या वेळी दादा आणि तात्या दोघं मिळून इतके रडले, की कोण बाप आणि कोण चुलता हे परतूरकरांना शेवटपर्यंत कळलं नाही.

सासरी मी फार उत्साहानं गेले. शिकलेली सून म्हणून माझं नाव आधीच पोचलं असेल, असं मला वाटत होतं. नाव पोचलं होतं, यात शंका नाही. तिथं गेल्यावर काही दिवसांनी घरपट्टीचा कसलासा सरकारी कागद आला. मी पुढे होऊन तो हातात घेतला, पदर खोचला आणि वाचायला तोंड उघडलं. तशा माझ्या सासूबाई, इतक्या मऊ स्वभावाच्या बाई, चुलीपुढून लगबगीनं उठून आल्या आणि त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला.

“वाच, माय, खुशाल वाच,” त्या म्हणाल्या. “पण मनातल्या मनात!”